डोंगरावर घर बघताना

रविवारी संध्याकाळी पाचनंतर वाईत राहणाऱ्या माणसाने शहाणा असेल तर गाडी बाहेर काढू नये. पसरणी घाटातून महाबळेश्वर-पाचगणीहून परतणाऱ्या पुण्या-मुंबईच्या गाड्या एकामागे एक उतरत असतात आणि त्यांची रांग गावात येऊन तुंबते. मागच्या काचेला टेकवलेले स्ट्रॉबेरीचे खोके, त्यांच्या पुढे पेंगुळलेली पोरं. पुढच्या सीटवर मात्र जाग असते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी आहे. तिथे पाय मोकळे करायला उतरलेल्या जोडप्यांचं बोलणं कानावर पडतं. विषय ठरलेला: वर आपलं एखादं छोटंसं घर हवं. नवरा गुंठ्याचा भाव सांगतो, बायको पडद्यांचा रंग. चहा संपेपर्यंत घराला व्हरांडाही झालेला असतो.

वाईत राहण्याचा एक तोटा असा, की नातेवाइकांना वाटतं, हा पायथ्याशी बसलाय तर याला वरचं सगळं ठाऊक असणार. मग निरोप येतो, ‘एखादं बघून ठेव ना.’ लग्नाचं स्थळ बघायला सांगावं तसा हा निरोप असतो, आणि पुढचं सगळंही तसंच होतं: फोटो आधी येतात, प्रत्यक्षात उंची कमी निघते, आणि घरातल्या थोरल्याला काही केल्या पसंत पडत नाही. कधी मावसबहीण आणि भावजी, कधी जुने साहेब, कधी त्यांच्या ओळखीचं कुणी, अशा सगळ्यांबरोबर मी वर बरीच घरं पाहिली आणि त्याहून जास्त रिकाम्या जमिनी. मला स्वतःला वर घर नको. वाईचं ऊन आणि कृष्णेचा घाट मला पुरतो. पण दुसऱ्याच्या पैशाने घर बघत हिंडण्यासारखी चैन नाही, हे कबूल.

पाचगणीच्या बाजारात एजंट भेटतो. तो पुढे मोटारसायकलवर, आम्ही मागे. लाल मातीच्या रस्त्यावर धूळ खात एका माळावर पोचलो की तो पहिल्यांदा काय करतो, ते पाहण्यासारखं असतं. विकायच्या जमिनीकडे तो पाठ करतो आणि दरीकडे हात लांबवतो. ‘व्हॅली व्ह्यू बघा साहेब.’ खाली धोम धरणाचं पाणी चकाकत असतं, पलीकडे कमळगडाचं डोकं. खरंच सुंदर दिसतं, त्यात खोट काढायला जागा नाही. पण जे तो दाखवतो ते त्याला विकायचं नसतं आणि घेणाऱ्याला मिळणारही नसतं. ते पाणी पाटबंधारे खात्याचं. मधल्या उतारावर उद्या कोण काय बांधेल, ते त्या उताराचा मालक जाणे. रजिस्टर ऑफिसात जो दस्त होतो त्यात चतुःसीमा असतात: पूर्वेस अमक्याचा गट, पश्चिमेस गाडीवाट. दरी कुठेच नसते. भाव मात्र तिचाच लागलेला असतो.

अशाच एका कड्याच्या जमिनीचा सातबारा भावजींनी काढला होता. बऱ्याचशा क्षेत्रापुढे ‘पोटखराबा’. म्हणजे खडक, उतार, नांगर न चालणारी जागा, तिच्यावर शेतसारा नाही. शेजारच्या बांधावर एक म्हातारबाबा गवत कापत होते. त्यांनी या जमिनीची कथा सांगितली. पणजोबांच्या वेळी दोघा भावांची वाटणी झाली. थोरल्याने विहिरीजवळचं काळं रान घेतलं, धाकट्याच्या पदरात कडा पडला. धाकटा रुसून मुंबईला गेला, माथाडीत लागला. गेल्या काही वर्षांत त्याच्या नातवंडांनी तो कडा गुंठ्या-गुंठ्याने विकला आणि नवी मुंबईत दोन मजली घर उभं केलं. थोरल्याची नातवंडं अजून विहिरीजवळ स्ट्रॉबेरीची रोपं लावतात. सांगताना बाबा पोट धरून हसत होते. मी विचारलं, ‘तुम्ही कोणाकडचे?’ ‘थोरल्याकडचा की,’ म्हणाले, आणि पुन्हा खाली वाकून विळा चालवायला लागले.

शेतजमीन असेल तर महाराष्ट्रात ती घेणारा शेतकरीच असावा लागतो, कूळकायद्याची तशी अट आहे. ही अट कळली की शहरातल्या माणसाला आपल्या आजोबांची आठवण येते. भावजींना रत्नागिरीकडच्या एका कातळाची आली. त्या कातळावर त्यांच्या सबंध पिढीतलं कुणी पाऊल टाकलेलं नव्हतं. सातबाऱ्यावर वारसांची एवढी नावं होती की पुढचं पान जोडावं लागलं होतं. त्यात तीन आत्या अशा, ज्या कुणाला आठवतच नव्हत्या. पण त्या उताऱ्याने भावजी रातोरात शेतकरी झाले. महिनाभर ते आमच्याशी पावसापाण्याचं बोलत होते.

बिगरशेती जमिनीच्या वेगळ्या कटकटी. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर 2001 सालच्या जानेवारीत केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. तेव्हापासून कुठे बांधायचं, किती उंच, किती तीव्र उतारावर नाहीच, याला नियम आहेत. झाड तोडायचं तर परवानगी. वरचे जुने बंगले पाहिले तर त्यातल्या कित्येकांखालची जमीन सरकारी, भाडेपट्ट्याची. म्हणजे बंगला आपला आणि पायाखालची भुई सरकारची. एजंट हे सगळं एका वाक्यात गुंडाळतो: ‘ते होऊन जातं.’ या वाक्याला घाबरावं. कसं होतं आणि कोण करून देतं, हे विचारलं की एजंट मक्याचं कणीस मागवतो.

पण डोंगरावरच्या जमिनीचा व्यवहार ही काही आजची भानगड नव्हे. साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराज होते आणि मुंबईचा गव्हर्नर होता सर जॉन माल्कम. कंपनीच्या आजारी गोऱ्या सोल्जरांना थंड हवेची जागा हवी होती. माल्कम 1828 मध्ये वर आला, त्याला जागा आवडली, आणि पुढच्याच वर्षी, 1829 मध्ये, तह होऊन महाबळेश्वरच्या पठारावरचा मुलूख कंपनीकडे गेला. बदल्यात महाराजांना वाई भागातलं खंडाळा गाव मिळालं. चक्क अदलाबदल. वसाहतीला गव्हर्नरसाहेबाचं नाव लागलं, माल्कमपेठ. कृष्णा जिथे उगम पावते ते क्षेत्र महाबळेश्वर त्याआधी शेकडो वर्षं तिथेच होतं. लोक दर्शनाला यायचे आणि खाली उतरायचे. तिथे नुसतं राहायला म्हणून, हवा खायला म्हणून घर बांधावं, ही कल्पना साहेबाची. आपण ती इतकी अंगी लावून घेतली की आता ती आपल्याच आजोबांची वाटते.

साहेबाची दुसरी कल्पना मात्र आपण घेतली नाही. तो जूनमध्ये चंबूगबाळं आवरून खाली उतरत असे. ऑक्टोबरपर्यंत माल्कमपेठ बंद. वर पाऊस किती पडतो हे त्याने मोजून ठेवलं होतं. आमच्या वाईत वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पडतो. बारा-तेरा किलोमीटरचा घाट चढून पाचगणीला गेलं की त्याच्या दुपटीहून जास्त. तिथून पश्चिमेला आणखी एकोणीस किलोमीटर गेलं की महाबळेश्वर, तिथे 5,500 मिलिमीटरच्याही वर. तासाभराच्या रस्त्यात एवढा फरक. म्हणून तर पाचगणी वसली. जॉन चेसन नावाच्या इंग्रजाला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर असं गाव हवं होतं जिथे बाराही महिने राहता येईल. महाबळेश्वर त्या परीक्षेत नापास झालं. त्याने दांडेघर, गोडवली, खिंगर या गावांच्या मधोमध पाचगणी वाढवली आणि तऱ्हेतऱ्हेची झाडं लावून पाहिली. तिथल्या सिल्व्हर ओकच्या रांगांशी त्याचंच नाव जोडतात. तो अखेरपर्यंत तिथेच राहिला आणि तिथल्याच चर्चच्या आवारात त्याला पुरलं. आज घर बघायला येणाऱ्यांनी त्याच्या हिशेबाकडे जरा लक्ष द्यायला हरकत नाही. त्याने दरी किती दिसते यापेक्षा जून ते सप्टेंबर कसा जाईल, हे आधी पाहिलं.

इथल्या मूळ लोकांनीही हेच पाहिलेलं दिसतं. वरच्या वाड्यांमधलं एकही जुनं घर कड्यावर नाही. सगळी खोलगटात, टेकाडाच्या पोटाशी, पश्चिमेला पाठ करून. भिंती कारवीच्या कुडाच्या नाहीतर जांभ्या दगडाच्या, खिडकी जेमतेम तोंड बाहेर काढता येईल एवढी, छप्पर इतकं खाली आलेलं की वाकून आत जावं लागतं. त्या घरातून काहीएक दिसत नाही. फार तर गोठा दिसतो. आणि आता त्याच वाडीच्या वर, कड्याच्या अगदी ओठावर, पश्चिमेकडे जमिनीपासून छतापर्यंत काच लावलेली घरं उभी राहतात. एप्रिलच्या संध्याकाळी अशा काचेसमोर मी बसलो आहे. सूर्य समोर बुडतो, चहा आपोआप जास्त होतो, माणूस मनातल्या मनात चेक लिहायला घेतो. जुलैमध्ये त्याच काचेवर पाऊस आडवा येतो. काही जागी तर खालून वर येतो. आर्थर सीटच्या कड्यावर वाऱ्याचा झोत दरीतून असा उसळतो की खाली टाकलेली हलकी वस्तू परत वर येते. पर्यटक ते खेळ म्हणून पाहतात. त्याच वाऱ्याबरोबर पाणीही वर येतं, आणि छपराच्या पन्हाळीखालून, जिथून पाणी येईल असं कुठल्याच आर्किटेक्टला वाटलेलं नसतं तिथून, ते घरात शिरतं.

दरी दिसणारं एक घर मावसबहिणीला फार आवडलं होतं. बंगला जुना, पत्र्याच्या छपराचा, समोर व्हरांडा, मागे राखणदाराची एक खोली. मालक परदेशी. राखणदार मामा आणि त्यांची बायको त्या खोलीत बाराही महिने. आम्ही गेलो तेव्हा मेचा शेवट होता आणि मामा शिडीवर चढून बंगल्याच्या पश्चिमेच्या भिंतीला झडी बांधत होते. वाळल्या गवताच्या जाड पेंढ्या, बांबूच्या पट्ट्यांत दाबून सुतळीने आवळलेल्या, वरून खाली एकावर एक येतील अशा. खालच्या अंगाला गवत संपलं होतं तिथे निळी ताडपत्री. भिंत झाकली, मग खिडक्या झाकल्या, आणि ज्या दरीसाठी माझी बहीण आली होती ती दरी बघता बघता आतून दिसेनाशी झाली.

‘मामा, हे काढणार कधी?’ तिने विचारलं.

‘दसऱ्याच्या आधी न्हाई. का वो?’

‘नाही, म्हणजे पावसाळ्यात आलो तर आतून काही दिसायचं नाही.’

मामा शिडीवरून उतरले. हात पुसत म्हणाले, ‘ताई, घर घ्याचं आसंल तर आखाडात या बघाया. आत्ता काय, समदीच घरं चांगली दिसत्यात. आखाडात कळतंय कुठनं गळतंय ते.’

मामांची बायको आत घेऊन गेली. आत कपाटं उघडून त्यांत बल्ब लावण्याचं काम चाललं होतं. कपड्यांच्या कपाटात एक, पुस्तकांच्या कपाटात एक, पिवळे जुने बल्ब, चारही महिने पेटते ठेवायचे, नाहीतर कोटाला बुरशी येते. वीज जाते तेव्हा काय करता, असं मी विचारलं. मावशींनी कोपऱ्यातली कोळशाची शेगडी दाखवली आणि तिच्यावर पालथं घालायचं कोंबड्यांचं डालगं. डालग्यावर कपडे पसरायचे, आत निखारे. काडेपेटी तांदळाच्या डब्यात. मिठाच्या बरणीचं झाकण मेणाने बंद. टेबलाचे खण उघडे काढून ठेवलेले, कारण फुगले की ऑक्टोबरपर्यंत निघत नाहीत. एवढं करूनही, त्या म्हणाल्या, दिवाळीला मालक आले की पहिल्यांदा नाक मुरडतात, वास येतो म्हणतात. मग दोन दिवस दारं-खिडक्या उघड्या टाकतात, आणि तिसऱ्या दिवशी मित्रांना फोन करतात: या, काय हवा आहे!

त्या घराचा मालक कोण, हा प्रश्न मला घरी येईपर्यंत सोडत नव्हता. दस्तावर ज्यांचं नाव आहे ते वर्षातून आठवडाभर येतात. पश्चिमेकडून पाणी नेमकं कुठल्या खिळ्यापाशी आत येतं, हे त्यांना माहीत नाही. मामांना माहीत आहे. पण मामांच्या नावावर काही नाही. मालकाने बंगला विकला तर नवा मालक त्यांना ठेवीलच असं नाही. एजंट आम्हाला हळूच म्हणालाही होता, ‘मागची खोली रिकामी करून देऊ.’ बहिणीने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मला वाटतं, तिच्या मनातून ते घर तिथेच उतरलं. तिने कारण मात्र ताडपत्रीचं सांगितलं.

पाण्याची गंमत वेगळीच. एवढा पाऊस पडतो तिथे मे महिन्यात टँकर चालतो. जांभा दगड चाळणीसारखा सच्छिद्र, पाणी वर राहत नाही. मग कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री अशा पाच नद्यांनी ते खाली निघून जातं आणि दुसऱ्याचं रान भिजवतं. वेण्णा तलाव साताऱ्याच्या महाराजांनी 1842 मध्ये बांधला, त्यावर महाबळेश्वर गाव अजून तगून आहे. घर बघणारा माणूस नळ सोडून बघतो, पाणी आलं की समाधान मानतो. ते पाणी मेच्या वीस तारखेला येईल का, हे त्याला शेजारच्या वाडीतल्या बाईला विचारता येईल. ती रोज हंडा घेऊन त्याच्या गेटावरून जाते. विचारत कुणी नाही.

22 आणि 23 जुलै 2021 च्या दरम्यान चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे 594 मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या वाईच्या वर्षाच्या पावसाचा जवळजवळ पाऊण हिस्सा झाला हा. आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजागी खचला, पोलादपूरकडची वाहतूक तुटली. त्या दिवसांत वरच्या किती घरांचे मालक घरात होते? जे होते ते मामांसारखे मागच्या खोलीतले. पुढे ऑक्टोबर आला, डोंगर हिरवा झाला, आणि टपरीवर पुन्हा पडद्यांच्या रंगाची चर्चा सुरू झाली. माणसाची आठवण आणि डोंगरावरचं गवत, दोन्ही दरवर्षी नव्याने उगवतात. आता कोयनेच्या बाजूला, जावळी-पाटणच्या डोंगरांत ‘नवीन महाबळेश्वर’ वसवायचा सरकारचा मनसुबा आहे, दोनशेहून जास्त गावं त्याच्या हद्दीत घेतली आहेत. तिथल्या पोटखराब्याचा भाव विचारायला गाड्या आधीच जाऊन आल्या आहेत. रुसून मुंबईला गेलेल्या धाकट्यांची नातवंडं तिकडेही असतीलच.

घर घेऊच नये, असं मी म्हणत नाही. पाचगणीत वर्षानुवर्षं घर करून राहिलेली पारशी, गुजराती, मराठी कुटुंबं मी पाहतो. त्यांची मुलं तिथल्याच शाळांत शिकली, त्यांच्या घराला पावसाळी घराचं वळण आहे: दारात गमबुटांची रांग, व्हरांड्यात वाळत टाकलेलं सरपण, आणि धुक्यात शेजाऱ्याला हाक मारायची सवय. भिलारला लोकांनी आपल्या राहत्या घरांत पुस्तकं मांडून 2017 पासून पुस्तकांचं गाव केलं, तिथे दमट हवेत पुस्तक कसं जपतात, हेही शिकता येतं. वर राहणं जमतं, पण ते राहून जमतं. शनिवार-रविवारसाठी घर हवं असेल तर हॉटेलात राहावं, स्वस्त पडतं, आणि बुरशीचा ताप दुसऱ्याला.

मावसबहिणीने अजून काही घेतलेलं नाही. भावजींचा कातळ मात्र आता त्यांना खरोखरच आवडायला लागला आहे, गणपतीत तिकडे जाऊन आले. जुने साहेब परवा पुन्हा फोनवर म्हणाले, ‘दिवाळीनंतर येतो, दोन-तीन प्लॉट काढून ठेव.’ मी त्यांना जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. दिवाळीनंतर येऊ नका. जुलैमधला एखादा साधा मंगळवार धरून या, घाटात धुकं असेल, गाडी सावकाश चढवा. एजंटला फोन करू नका, राखणदाराला भेटा. जाताना वाईत आमच्याकडे चहा घ्या. आणि छत्री आणू नका, वर ती टिकत नाही.